गाळ त्याचा, मुरूम माझा

माय, मले तुझ्यासंगं भांडायचं आहे. तू गेली त्याले कितीतरी पावसाळे झाले, तरी भांडायचं आहेच. तू होती तेव्हा कोणाले बोलू कुठं द्यायची? तोंड उघडलं की हातात टोपलं. आता तुझा हात इथपर्यंत पोहोचत नाही, म्हणून लिहायले बसली. चौथीतून काढलं तूनं मले शाळेतून, त्यामुळं अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं येते. पण कोणाले दाखवायचंच नाही तर लाजायचं कायले. छपरीत बसली आहे. इथून समोर टेकडी दिसते, टेकडीच्या पायाशी माझं वावर, अन् त्याच्या खाली पार नाल्यापर्यंत तुझ्या लेकाचं. तूच वाटून दिलेलं. रोज चहा घेऊन इथं बसते, रोज ते दोन्ही वावरं डोळ्यांसमोर येतात, अन् रोज चहा थंडा होते.

गावात तुझं नाव अजून निघते, हे तुले सांगून ठेवते. बपेऱ्याच्या बाजारात कोणी जुनी बाई भेटली की माझा हात धरते अन् म्हणते, तुझी माय म्हणजे माय होती वो, पोटच्या लेकीले वावर देणारी. खोटं नाही ते. माझा नवरा गेला अन् करडीच्या सासरी मले कोणी बस म्हणेना, तेव्हा तू स्वतः आली, माझी पेटी उचलली, सासूले म्हटलं, माझी पोरगी मी घेऊन चालली, अन् बसस्टँडपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. लोक लेकीचा अंगठा घेऊन तिचं नाव कागदावरून काढतात, तूनं पटवाऱ्याले घरी बोलावून माझं नाव चढवलं. हे सगळं मले मान्य आहे. पण म्हणूनच तर माझं तोंड बांधल्या गेलं ना. वावर मिळालेली लेक कोणत्या तोंडानं म्हणेल की वावर कोणतं मिळालं ते पाहा? तुझं मन मोठं, माय, अन् माझं वावर उतारावर.

वाटणीचा दिवस मले आठवते. तू वावराच्या मधातल्या पळसापाशी उभी आहे, पदर कमरेले खोचलेला. दोरानं मोजून झालं आहे. वर जेवढं, खाली तेवढंच. तू हात वर करते अन् म्हणते, पळसाच्या वर बाईचं, पळसाच्या खाली लेकाचं. मी मोठी म्हणून घरात अन् गावात सगळे मले बाईच म्हणायचे. पंच म्हणवणारे चार बुढे मान हलवतात, एकदम बरोबर वाटलं म्हणतात, अन् आपल्या घरी पोहे खाऊन जातात. एकाच्याही डोक्यात आलं नाही की वावर म्हणजे काही लुगडं नाही, मधून फाडलं की दोन्ही तुकडे सारखे. आपल्या टेकडीखालच्या गावांत वाटणी उभी होते, वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं. प्रत्येकाच्या वाट्याले थोडी वरची बरड येते, थोडी खालची गाळाची, धानाच्या खाचराची बांधी येते. वरून माती गेली तर ज्याची त्याच्याच खाली जाते, अन् तोच ती उचलून आणते. तुझ्या सासऱ्यानं अशीच वाटली होती, तुले ठाऊक होतं. तूनं मात्र आडवी केली. वरचा उतार, मुरूम अन् गोटे मले. खालची काळी, चिकट, पाणी धरणारी बांधी त्याले. काहून?

करडीले मी इतके वर्ष राहिली, तिथं असं काही नाही. तिथं सपाट धानाचं रान, बांधीले बांधी लागून, मधातला मातीचा धुरा गुडघ्याएवढाच, तो पाणी अडवायपुरता. माती जिथं टाकली तिथं राहते, गाईसारखी. आपल्याकडे माती शेळीसारखी आहे, नजर हटली की चालली. पाऊस टेकडीवर पडते, जंगलातून धावत येते, वरच्या बांधीतून बारीक बारीक माती उचलते, शेणखत उचलते, अन् खालच्या बांधीत नेऊन निवांत बसवते. खालच्यानं आळशासारखं पडून राहायचं, वरच्याचं सगळं त्याच्या ताटात येते. अन् त्यालेही धरायले धुरा नसला तर ती माती नाल्यात जाते, नाल्यातून बावनथडीत, मंग वैनगंगेत, अन् तिथून थेट गोसीखुर्दच्या धरणात जाऊन बसते. धरणात बुडालेल्या गावांवर आपल्या वावराची माती आहे, असं तू कधीकधी म्हणायची, अन् तेव्हा तुझा चेहरा असा व्हायचा जसं कोणी घरातलं भांडं चोरून नेलं.

म्हणून तर तुझा तो नेम होता. खालच्या बांधीतून वर येताना रिकामं यायचं नाही. मोहफुलं वेचून झाली, वावर तडकलं, की तू आम्हाले माती चढवायले लावायची. खालच्या कोपऱ्यात गाळ साचलेला असायचा, वाळून त्याच्या पापड्या झालेल्या. कुदळीनं फोडायचा, टोपल्यात भरायचा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं, अन् चढ. वरच्या बांधीत नेऊन पसरायचा. पण ते ठरलेल्या दिवसांचं काम झालं. तुझा नेम तर बाकी सगळ्या दिवसांचाही होता. पाणी प्यायले नाल्यावर गेलं, येताना टोपलं. बैल हाकलायले गेलं, येताना टोपलं. पावसाळ्यात चिखल असला तरी पदरात गोळा. एकदा मी बोरं खायले खाली गेली अन् हात हलवत वर आली. तू चुलीपाशी बसली होती, भाकर थापत. माझ्या हाताकडे पाहिलं, डोक्याकडे पाहिलं. ओरडली नाही. भाकर तव्यावर टाकली अन् म्हटलं, "पाणी माती खाली नेते तर त्याले कोणी शाबासकी देत नाई. तू बी रिकामी आली. मंग तुझ्यात अन् पाण्यात काय फरक आहे, सांग." मी भाकरीले हात लावला नाही, तशीच खाली गेली, टोपलं भरून आणलं, तुझ्या समोर ओतलं, अन् मंगच खाल्ली. तूनं त्या मातीतली मूठभर घेतली अन् चुलीची फुटलेली कड लिंपली. शाबासकी नाहीच.

अन् ते टोपलं कोणतं, तेही सांगते. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले आपण गेलो होतो. भावानं भिंगरी मागितली, त्याले भिंगरी घेऊन दिली. कागदाची, लाल-हिरवी. मी बांगड्या मागितल्या. तू मले बुरडापाशी घेऊन गेली अन् माझ्या डोक्याच्या मापाचं लहान टोपलं विणून घेतलं. म्हटलं, बांगड्या फुटतात. मी येताना पूर्ण रस्ता रडली. भावाची भिंगरी घरी पोहोचायच्या आधी फाटली, तो बी रडला, तर तू त्याले कडेवर घेतलं. मले कोणी घेतलं नाही, माझ्या डोक्यावर टोपलं होतं. अन् तो मोठा झाल्यावर तरी त्यानं माती चढवली का? कधी आंगात ताप, कधी शाळेचा पेपर, कधी पायात काटा. तू म्हणायची, लहान आहे तो. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, तरी तुझ्या हिशेबात तो लहानच असेल.

तू गेल्यावर काही वर्षं मी नेम चालवला. तो खालच्या बांधीत धान घ्यायचा, धान निघालं की ओलीत लाखोळीचं कडधान्य टाकायचा, अन् लाखोळी निघाली, मोहफुलं झाली, की मी टोपलं घेऊन खाली जायची. विचारायची नाही. कायले विचारू? माझीच माती होती, पावसात पाय घसरून खाली गेलेली. तोही काही बोलायचा नाही. मंग त्यानं ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टर आला तसं त्याचं बोलणंही मोठ्या आवाजात व्हायले लागलं. चार-पाच उन्हाळ्यांआधी मी खालच्या कोपऱ्यात बसून गाळ भरून राहिली होती, तर तो धुऱ्यावर येऊन उभा राहिला. चप्पल घालून, वावरात. म्हणे, "बाई, दरसाल तू माझी माती नेऊन राहिली. आता बंद कर." मले वाटलं मजाक करून राहिला. मी हसली अन् म्हटलं, तुझी? मागच्या पावसाळ्यात माझ्या तुरीच्या मुळाखाली होती ती. तो हसला नाही. म्हणे, "होती तवा होती. आता माझ्या बांधीत आहे. पावसानं देली मले. मी का आणाले गेलो होतो?"

माय, मी त्या दिवशी काय काय बोलली ते इथं लिहीत नाही, तुले ऐकवणार नाही. भरलेलं टोपलं मी त्याच्या चपलांवर पालथं केलं अन् वर आली. रिकामं टोपलं घेऊन. त्या टेकडीवर मी हजार वेळा चढली असेल, पण टोपलं हलकं असलं की चढ इतका लागते हे मले पहिल्यांदा समजलं. पळसापाशी बसली. राग भावाचा नव्हता, खरं सांगते, त्याच्यावर राग करून काय उपयोग, तो तर पाण्यासारखाच, उतार पाहून वागते. राग तुझा होता. तू ज्या दिवशी आडवी वाटणी केली त्या दिवशीच हे ठरलं होतं. माझी माती खाली जाणार, अन् खाली गेली की ती माझी राहणार नाही. तुझ्यासारख्या बाईले हे दिसलं नसेल? पाण्याच्या चालीवरून पाऊस कुठं पडला ते सांगणारी तू.

मंग मी ठरवलं की आता मूठभर माती खाली जाऊ द्यायची नाही. वरच्या सगळ्या बांध्यांचे धुरे बांधायले काढले. मजूर लावले, स्वतः लागली. मी धुरे सरळ घालून राहिली होती, दोरी ताणून, दिसायले कसे छान. तेवढ्यात कृषी खात्याचा एक पोरगा आला. पोरगाच, माझ्या डोळ्यांपुढं काल चड्डीत असेल. हातात काठ्यांचा तिकोन, त्याच्या टोकाले दोरा अन् दोऱ्याले गोटा बांधलेला. तो तिकोन वावरात पाय टाकत टाकत फिरवे, गोटा मधात आला की खुंटी ठोके. खुंट्यांची रांग झाली ती अशी वाकडी की विचारू नको. मी म्हटलं, बाबू, हा धुरा आहे का साप? तो म्हणे, "काकू, सरळ तुमच्या डोळ्याले पाहिजे. पाण्याले नाई. पाणी सपाटी पाहते, अन् सपाटी इथं वाकडीच आहे." त्याच्या म्हणण्यानं सरळ धुरा कुठं उंच येते कुठं खाली, पाणी सगळं खालच्या जागी जमते अन् तिथूनच फोडते. मी त्याच्यासंगं भरपूर भांडली. माझ्या मायनं असे वाकडे धुरे कधी घातले नाही म्हटलं. मंग त्यानं मले खाली नेऊन पळसाचा तुझा धुरा दाखवला, अन् माय, तो वाकडाच होता. जन्मभर त्याच्यावरून चालली, कधी पाहिला नाही. तू कोणत्या तिकोनानं घातला होता कोण जाणे.

तर घातले मी वाकडे. प्रत्येक धुऱ्याले एका बाजूले गोट्यांचा सांडवा ठेवला, जास्तीचं पाणी त्यातून हळू उतरायले. धुऱ्यावर हरळी लावली, तूर लावली, बाहेरच्या उतारावर खस. पोरगा म्हणे पाणी अडवू नका, चालायले शिकवा. मले ते बोलणं आवडलं नाही, पुस्तकातलं वाटलं, पण केलं तसंच. पहिला पाऊस झाला तेव्हा मी घोंगडी घेऊन वावरातच बसली होती. पाणी एका बांधीतून दुसरीत असं उतरत होतं जसं म्हातारी पायऱ्या उतरते. अन् स्वच्छ. माय, पाणी स्वच्छ होतं. तुझ्या वेळेले ते चहासारखं असायचं. मी खाली पाहिलं, तर भाऊ आपल्या बांधीत उभा होता, येणाऱ्या पाण्यात हात घालून. त्याच्याही लक्षात आलं होतं. पाणी येऊन राहिलं, पण त्यात काही नाही.

त्या वर्षी त्याचं धान पिवळं राहिलं. खत टाकलं, तरी पिवळं. पारावर म्हणत फिरला की बाईनं वरून बंदोबस्त केला, माझं रान उपाशी मारून राहिली. ज्या लोकांनी वाटणीत पोहे खाल्ले तेच आता मले सांगायले आले, बाई, भाऊ आहे, थोडी माती जाऊ दे. ऐकलं का माय? माती जाऊ दे म्हणे. मी विचारलं, तुमच्या घरचं पीठ शेजारी थोडं थोडं जाऊ देता का? तर म्हणे तुझं तोंड लय चालते. चालतेच.

अन् त्यानं काय केलं ते ऐक. पळसाचा धुरा, तुझा, माझ्या अन् त्याच्या मधातला. वरच्याची माती तोच धरते म्हणून तो वरच्याचा, हे लहान पोरालेही समजते. तोच धुरा भाऊ खालून कोरायले लागला. दर नांगरटीले थोडा. रोवण्याची एक ओळ जास्त बसते म्हणून. इतका रुंद धुरा होता की त्याच्यावरून बैलगाडी जायची, तो त्यानं कोरून कोरून असा केला की माझे दोन पाय बाजूबाजूले बसेनात. मी सांगितलं. एकदा नाही, जेव्हा दिसला तेव्हा सांगितलं. धुरा जाईल, अन् जाईल तर तुझ्यावरच जाईल. तो ट्रॅक्टर बंदही करायचा नाही, वरूनच म्हणायचा, आवाज येऊन नाई राहिला, बाई.

मागच्या पावसाळ्यात टेकडीवर असा पाऊस झाला की जंगलातलं पाणी एकदम उतरलं. माझे वरचे सगळे धुरे टिकले. सांडव्यातून पाणी ओरडत गेलं, पण टिकले. शेवटी ते सगळं पाणी पळसाच्या धुऱ्यापाशी आलं, अन् तिथं धुरा होताच कुठं? अर्धा तर त्यानं खाल्ला होता. जिथं सगळ्यात पातळ केला होता, तिथूनच बसला. धुऱ्याच्या पोटातला मुरूम, गोटे, तुझ्या हातानं बसवलेले, सगळे त्याच्या बांधीत जाऊन पडले. ताजे रोवलेले धानाचे पऱ्हे खाली दबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर आला. मागून त्याची बायको. मी चूल पेटवून राहिली होती. तो अंगणातूनच म्हणे, "बाई, तुझा मुरूम येऊन पडला माझ्या बांधीत. आजच्या आज उचल."

मी फुंकणी खाली ठेवली. उठली. म्हटलं, "गाळ आला तवा तो तुझा. पावसानं देला. अन् मुरूम आला तर माझा? मुरूम बी पावसानंच देला ना बाप्पा, ठेवून घे."

त्याच्या बायकोनं तोंडाले पदर लावला. हसली ती, मी पाहिलं. त्यानंही पाहिलं, अन् मंग तो फुटला. कायचं काय बोलायले लागला. ट्रॅक्टर, धान, लोक काय म्हणतात. अन् बोलता बोलता बोलून गेला, जे त्याले कधी सांगायचं नव्हतं. "मले का हौस होती खालच्या बांधीची? मीच मायले म्हटलं होतं, वरचं मले दे, रस्त्याजवळ आहे. तर माय म्हणे, नाई. तुले वरचं देलं तर तू धुरे सोडून देशील, दोन पावसांत वरचं बी जाईल अन् खालचं बी. बाईले देते. ती मरंल, पण माती सोडणार नाई."

माय, मी तिथंच चौकटीले धरून उभी राहिली. चुलीचा धूर डोळ्यांत जात होता तर मी त्याले ते धुराचं पाणी समजू दिलं. इतके वर्षं. इतके वर्षं मी समजत होती की तूनं मले उरलेलं दिलं. लेकाले ताट अन् लेकीले खरवड. अन् तूनं तर राखणदार नेमली होती. माझ्या वरच्या वावरानं त्याचं खालचं राखायचं. तुझ्या हिशेबात मी माणूस नव्हती, धुरा होती. वाकडी, पण टिकणारी. हे ऐकून मले बरं वाटायले पाहिजे होतं का? नाही वाटलं. अजून राग आला. त्याले सांगितलं तूनं. मले नाही. त्याच्याजवळ माझी तारीफ केली, अन् माझ्याजवळ फक्त टोपलं ठेवलं. तारीफ जिची, तिच्या कानावर नको घालायले?

आम्ही दोघं तसेच उभे होतो, बोलणं संपलेलं, अन् भांडण संपलेलं नाही. तर त्याची बायको म्हणे, "तुमच्या दोघांचं होईपर्यंत पऱ्हे सडतील. मी चालली." अन् माझ्या छपरीतलं टोपलं उचलून ती खाली चालायले लागली. तिच्या मागं मी गेली, कारण टोपलं माझं होतं. माझ्या मागं तो आला, कारण त्याले करायले दुसरं काही नव्हतं. चिखलात वाकून मुरूम उचलला. तो गोटे द्यायचा, मी बसवायची. मी म्हटलं इथं अजून रुंद पाहिजे, तो अजून एक गोटा द्यायचा. त्याच्या बांधीतली ती जास्तीची ओळ गेली, अजून एक गेली. पळसाचा धुरा पुन्हा वाकडा झाला. पुन्हा बैलगाडी जाईल एवढा नाही, पण माणूस टोपलं घेऊन जाईल एवढा. ओटीत आणलेली हरळी मी त्याच्यावर लावली. त्यानं तेवढ्यात पाणी आणलं, सांगितलं नव्हतं.

मले ठाऊक आहे, तू असती तर म्हटलं असतं, झालं ना मंग, कायले रडते. झालं नाही. त्याचं धान दबलं म्हणून झालं, नाहीतर कधी झालं नसतं. अन् हे जे जमलं ते आम्ही जमवलं, तूनं तर मोडूनच ठेवलं होतं.

या उन्हाळ्यात मोहफुलं झाली, अन् मी टोपलं घेऊन खाली गेली नाही. गरज नव्हती. माझी माती आता माझ्याजवळ राहते. छपरीत बसली होती, तर ट्रॅक्टरचा आवाज वर येताना ऐकला. ट्रॉली गाळानं भरलेली, काळा, नाल्याच्या काठचा, सगळ्यात चांगला. त्यानं ती माझ्या सगळ्यात वरच्या बांधीत ओतली, जिथं अजून नुसता मुरूम दिसते. मी वर गेली, म्हटलं, हे कायले? माझी तर माती आता खाली येत नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, चाकाकडे पाहून म्हणे, "वरून लाकडं न्याची होती. ट्रॉली रिकामी कायले आणू."

तुझं टोपलं केवढं मोठं झालं, माय. त्यानं तुझं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. तो गेल्यावर मी तो ढीग फावड्यानं पसरला. दुपार झाली तरी पसरतच होती.

हे पत्र मी कुठं टाकणार? चुलीत टाकेन, नाहीतर छपराच्या वाशात खोचून ठेवेन. पण एक गोष्ट इतका वेळ भांडून झाल्यावर लिहून टाकते, कारण ती कोणाले सांगता येणार नाही, त्या बाजारातल्या बायांले तर नाहीच. त्या दिवशी पळसापाशी दोर हातात धरून तू मले विचारलं असतं, की बाई, वरचं घेते का खालचं, तर मी वरचंच म्हटलं असतं.

पण विचारायचं तर होतं.